गाळणीतील क्रम

काचेच्या हौदात मासे पाळण्याची आवड आपल्या जयसिंगपुरातही कित्येक घरांत दिसते, ही आनंदाची गोष्ट होय. अशा हौदाखाली बंद डब्याच्या आकाराचे जे गाळणयंत्र ठेवतात, त्यास कॅनिस्टर फिल्टर म्हणतात. त्यातील द्रव्ये कोणत्या क्रमाने रचावीत हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. तो तसा नाही, हे मी स्वतःच्या चुकीने शिकलो. म्हणून हे चार शब्द.

एका सुटीत मी घरच्या यंत्रातील सर्व वस्तू नळाखाली लखलखीत धुतल्या आणि मनास येईल तशा परत भरल्या. पाणी आरशासारखे झाले, मुले हर्षित झाली. परंतु आठवडा संपण्यापूर्वीच पाच मासे मेले. पाणी नितळ होते, पण निर्मळ नव्हते.

याचे कारण असे की, माशांच्या मलमूत्रापासून व उरलेल्या अन्नापासून अमोनिया उत्पन्न होतो. तो डोळ्यांस दिसत नाही, पण माशांस विषासमान असतो. काही सूक्ष्म जंतू त्याचे नायट्राइट करतात, व दुसरे जंतू त्या नायट्राइटाचे पुष्कळ कमी घातक असे नायट्रेट करतात. या जंतूंचे कार्य सुमारे १८९० साली रशियन शास्त्रज्ञ विनोग्राद्स्की यांनी उजेडात आणले. हे जंतू स्पंजावर व चिनी मातीच्या सच्छिद्र कड्यांवर वस्ती करितात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन त्यांचा संहार करितो. मी जो बुळबुळीत मळ म्हणून धुऊन टाकिला, तेच माझे कामकरी होते!

आता क्रमाविषयी. पाण्यास प्रथम जाड स्पंज भेटावा, मग बारीक स्पंज, त्यानंतर कड्या, आणि कोळसा घालावयाचाच असेल तर तो शेवटी. बहुतेक यंत्रांत पाणी तळाशी उतरून वर चढते. तेथे जाड स्पंज सर्वांत खालच्या टोपलीत हवा. क्वचित् प्रवाह वरून खाली असतो. तेथे रचना उलट करावी. तात्पर्य, क्रम डोळ्यांनी नव्हे, पाण्याच्या वाटेने ठरवावा.

कोणी म्हणतील, "पाणी सर्वांतून जाणारच, मग आधी काय आणि नंतर काय, सारखेच!" हा युक्तिवाद मला पटत नाही. बारीक द्रव्य प्रथम ठेविले तर ते लवकर तुंबते, प्रवाह मंदावतो आणि प्राणवायूवाचून जंतू मरतात. कड्या प्रथम ठेविल्या तर गाळ त्यांची छिद्रे बुजवितो. जाड स्पंजाने गाळ अंगावर घ्यावा, म्हणजे आतल्यांस आपले काम करिता येते. तो स्पंज हौदातूनच काढलेल्या पाण्यात हलका पिळावा. सर्व द्रव्ये एकाच दिवशी कधीही धुऊ नयेत.

तथापि, उत्तम रचनेसही मर्यादा आहे. नायट्रेट साचतच जाते. म्हणून दर आठवड्यास हौदातील चतुर्थांश पाणी बदलणे व अन्न बेताने घालणे हे कर्तव्य कोणतेही यंत्र आपणावरून उतरवीत नाही.

येथे आपल्या नदीचे स्मरण होते. नृसिंहवाडीस कृष्णेला मिळणाऱ्या पंचगंगेत मासे मरून तरंगल्याच्या वार्ता आपण अनेकदा ऐकिल्या आहेत. नदीतही असेच जंतू मैला पचवीत असतात. परंतु शहरांचे सांडपाणी व कारखान्यांचा मळ त्यांच्या शक्तीबाहेर लोटला की पाण्यातील प्राणवायू संपतो. तेथेही क्रमच चुकतो: जे काठावर अडवावयाचे, ते आपण पात्रात सोडितो आणि मग शेवटच्या गाळणीकडून चमत्काराची अपेक्षा करितो.

पालकांस माझी विनंती आहे की, मुलांस हौद घेऊन दिला तर स्पंज पिळण्याचे कामही त्यांजकडेच सोपवावे. घाण प्रथम कोठे अडवावी, हे ज्या मुलाच्या हातांस कळले, तो उद्या ओढ्यात कचरा टाकण्यापूर्वी क्षणभर तरी थांबेल, असा मला भरवसा वाटतो.