निदानाची वणवण

येत्या १० मे रोजी जागतिक ल्युपस दिन आहे. २००४ पासून तो पाळला जात असला, तरी ज्या रोगासाठी तो पाळला जातो त्याची ओळख आपल्या गोमंतकात किती घरांना आहे, याची आम्हांस शंकाच वाटते. ल्युपस हा लॅटिन शब्द. त्याचा अर्थ लांडगा. (पोर्तुगीज शिकलेल्या आमच्या वडीलधाऱ्या वाचकांना त्यावरून ‘लोबो’ हा शब्द सहज आठवेल.) परकीय जंतूंपासून देहाचे रक्षण करावयाचे, ती प्रतिकारशक्तीच फितूर होऊन सांधे, त्वचा, रक्त, मूत्रपिंड, हृदयाचे आवरण, प्रसंगी मेंदू यांवर उलटते, असा हा रोग आहे. दहा रुग्णांमागे सुमारे नऊ स्त्रिया असतात आणि सर्व रुग्णांपैकी साधारण १५ ते २० टक्क्यांना तो वयाच्या अठरा वर्षांच्या आतच गाठतो. या वयातील रुग्णांविषयीच आज आम्हांला लिहावयाचे आहे. कारण त्यांच्यात हा रोग प्रौढांपेक्षा अधिक उग्र असतो आणि निदान मात्र रखडते.

सत्तरीतील किंवा काणकोणातील एखादी चौदा वर्षांची मुलगी डोळ्यांपुढे आणावी. तिला बारीक ताप येऊ लागतो. गावचा डॉक्टर मलेरियासाठी रक्त तपासतो, टायफॉइडचे औषध देतो. ताप उतरतो आणि पंधरा दिवसांनी पुन्हा येतो. सकाळी बोटे आखडतात, गुडघे दुखतात. ते वाढत्या वयाचे दुखणे ठरते. गालांवर आणि नाकाच्या दांड्यावर तांबूस चट्टा उमटतो. ऊन लागले म्हणून औषधांच्या दुकानातून मलम येते. तोंड येते, तेव्हा ‘उष्णता’ वाढलेली असते. केस पुंजक्याने गळतात, तेव्हा रक्त कमी म्हणून लोहाचे टॉनिक मिळते. दरम्यान घरची माणसे देवीचा कौलही घेतात. संकटात माणसाने देवाकडे गाऱ्हाणे घालावे यात गैर काही नाही. फक्त त्यासाठी दवाखान्याची फेरी चुकू नये, एवढेच.

यातील प्रत्येक डॉक्टरने आपापल्या परीने योग्य तेच केलेले असते. आपल्या हवेत तापाने फणफणलेल्या मुलीला प्रथम मलेरिया, डेंग्यू वा क्षय आहे का, हे पाहणेच शहाणपणाचे. उणीव राहते ती वेगळ्याच ठिकाणी. पाच लक्षणांच्या पाच चिठ्ठ्या पाच टेबलांवर जातात आणि त्या एकत्र मांडून पाहणारा कोणी नसतो. त्या सर्व चिठ्ठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवणारी एकच व्यक्ती असते, ती म्हणजे मुलीची आई. आणि तिला ‘पहिल्यापासून सांगा’ असे म्हणण्यास गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात कोणास सवड नसते.

त्याहून वाईट गोष्ट पुढेच आहे. ल्युपसची लक्षणे येतात आणि जातात. तपासणीच्या दिवशी सांधे सुजलेले नसतात, चट्टा फिका पडलेला असतो. मग परीक्षा जवळ आली म्हणून मुलगी नाटक करते, असे शाळेत म्हटले जाते आणि हळूहळू घरातही. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. त्या गोष्टीतील पोर खोटे बोलत होते. ही मुलगी प्रत्येक वेळी खरे सांगत असते आणि तरीही तिच्या वाट्याला त्याच पोराची अपकीर्ती येते. लग्नाच्या बाजारात नाव नको, म्हणून दुखण्याची वाच्यता टाळणारी कुटुंबेही आहेत. त्या मौनाची किंमत मुलीलाच मोजावी लागते.

निदान कठीण आहे, हे आम्ही नाकारीत नाही. १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये हारग्रेव्हज व त्यांच्या सहकाऱ्यांना या रुग्णांच्या अस्थिमज्जेत एक विशिष्ट पेशी आढळली, तेव्हा कोठे प्रयोगशाळेचा आधार मिळाला. आजही एका चाचणीवर बोट ठेवून ‘हाच तो रोग’ असे सांगता येत नाही. ए.एन.ए. ही रक्तचाचणी ल्युपसच्या जवळजवळ सर्व रुग्णांत होकारार्थी येते, पण ती काही निरोगी माणसांतही तशी येते. त्यामुळे नुसत्या थकव्यासाठी ती सरसकट करून घेणे आणि कागदावर ‘पॉझिटिव्ह’ वाचून घराने हाय खाणे, हेही तितकेच चूक. १९८२ साली अमेरिकन संधिवाततज्ज्ञांनी अकरा निकष ठरविले. त्यांतील चार जुळले की रोग ल्युपस समजावा, असा दंडक पडला. २०१९ साली युरोप व अमेरिकेतील तज्ज्ञांनी मिळून त्याऐवजी गुणांची नवी पद्धत आणली. पण हे निकष मुळात संशोधनासाठी रुग्णांची वर्गवारी करण्याकरिता आहेत. चौथे लक्षण उमटेपर्यंत थांबणाऱ्या डॉक्टरची वाट मूत्रपिंड पाहत नाही.

मूत्रपिंडाचे नाव आम्ही मुद्दाम घेतले. बालवयातील ल्युपसमध्ये त्याला बाधा होण्याचे प्रमाण मोठे आहे, आणि ती बाधा आरंभी दुखत नाही. ताप व सांधे मुलीला दवाखान्यात नेतात. मूत्रपिंड मुकाट्याने झिजत असते. पावलांवर सूज दिसते, तोवर बराच काळ गेलेला असतो. याउलट लघवीतून प्रथिने वा रक्त जाते काय, हे पाहण्यास लागते ती एक कागदी पट्टी आणि दोन मिनिटे. जुने डॉक्टर परीक्षानळीत लघवी तापवून ती गढुळते काय, हे पाहत असत. आजच्या यंत्रयुगात ती साधी सवयच सुटली, हे काही भूषण नव्हे. लघवीची ही तपासणी, रक्तपेशींची मोजणी आणि रक्तदाब, एवढे प्राथमिक आरोग्य केंद्रातही होऊ शकते. त्यात काही वावगे आढळले, तरच पुढच्या महागड्या चाचण्या व बांबोळीची वाट.

वेळेवर निदान झाले, तर हातात काहीच नाही अशी आज स्थिती नाही. गेल्या शतकाच्या मध्यास यातील निम्मे रुग्ण पाच वर्षांत दगावत. आज योग्य उपचारांनी दहांपैकी नऊ वा त्याहून अधिक रुग्ण ती मर्यादा ओलांडतात. मुख्य औषधांपैकी एक आहे ते हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. २०२० साली करोनाच्या धास्तीने लोकांनी त्याचा साठा केला, तेव्हा ज्यांना त्याची नित्य गरज होती, त्या ल्युपसच्या रुग्णांनाच ते मिळेनासे झाले होते. स्टेरॉइडही लागते, मात्र दुकानदाराने परस्पर दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी आठ दिवस बरे वाटते, लक्षणे झाकली जातात आणि निदान आणखी लांबते.

शाळकरी मुलांच्या तपासणीसाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. संधिवाती तापाने जडणारा हृदयविकार त्याच्या यादीत आहे, ल्युपस नाही. तो यादीत घालावा, अशी आमची मागणी नाही. सांधेदुखी, चट्टे अथवा पुन्हा पुन्हा उलटणारा ताप तीन आठवड्यांहून अधिक चालला, तर वर सांगितलेल्या तीन साध्या तपासण्या सक्तीने व्हाव्यात आणि म्हापसा व मडगाव येथील जिल्हा रुग्णालयांत अशा मुलामुलींचे सर्व कागद एकाच डॉक्टरच्या हाती राहावेत, एवढे परिपत्रक आरोग्य खात्याने काढावे. पावसाळा तोंडावर आला आहे. तो सुरू झाला की तापाच्या साथींच्या गर्दीत अशी एखादी मुलगी दिसेनाशी होणे फार सोपे असते. तेव्हा हे परिपत्रक त्याआधीच केंद्रांवर पोहोचले पाहिजे.