कोपी एवढी मोठी कशी दिसली?



बीडहून वडवणीमार्गे परळीला जाणारा रस्ता आणि माजलगावहून धारूरकडे जाणारा रस्ता ज्या चौकात एकमेकांना मिळतात, ते तेलगाव. दिवाळीच्या आगेमागे येथील लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला, की रस्त्यावर उसाने भरलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर दिसू लागतात. गेल्या हंगामात मी या भागातल्या एका ऊसतोड टोळीच्या वस्तीवर गेलो होतो. एका कुटुंबाची परवानगी घेऊन मी त्यांच्या कोपीचे आतून छायाचित्र काढले.

कोपी म्हणजे काय, हे बीड जिल्ह्यातल्या वाचकांना सांगायला नको. तुमच्यापैकी काहींचे आईवडील दरवर्षी सहा-सहा महिने तिच्यातच राहतात. काहींनी तर आपले लहानपण तिच्यात काढले असेल. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो : बांबू वाकवून त्यांवर चटया आणि ताडपत्री टाकून केलेले, आत शिरताना वाकायला लावणारे ते घर. मी दाराशी उकिडवा बसलो, फोनच्या कॅमेऱ्यातले ‘०.५’ असे लिहिलेले बटण दाबले आणि छायाचित्र घेतले. चूल, हंडे, अंथरुणाची वळकटी, मागची चटई, सगळे एका चौकटीत आले. मोठ्या समाधानाने मी ते त्या घरच्या बाईंना दाखवले. त्यांनी क्षणभर निरखून पाहिले आणि हसून विचारले, “ही कोपी कुणाची? आमची एवढी मोठी कुठंय?”

त्यांचे म्हणणे खरे होते. माझ्या छायाचित्रात ती कोपी एखाद्या सभामंडपासारखी लांबच लांब दिसत होती. कॅमेऱ्यात कोणताही बिघाड नव्हता. चित्रात कसलीही खाडाखोड मी केली नव्हती. तरीही ते चित्र त्या घराविषयी खोटे सांगत होते. असे का व्हावे?

उत्तर शोधण्यासाठी नववी-दहावीच्या भूमितीतले समरूप त्रिकोण पुरेसे आहेत. कॅमेऱ्याचे भिंग समोरच्या दृश्याची लहान प्रतिमा मागच्या पडद्यावर पाडते. वस्तू बरीच दूर असेल, तर भिंग आणि पडदा यांतील अंतर हे जवळजवळ भिंगाच्या नाभीय अंतराइतके असते. नेहमीच्या फिल्मची चौकट ३६ मिलिमीटर रुंद व २४ मिलिमीटर उंच असे. आजही भिंगांची तुलना तिच्याच मापाने करतात. दोन्ही बाजूंचे त्रिकोण समरूप असल्याने साधे सूत्र मिळते : चित्रात मावणारी रुंदी = वस्तूचे अंतर × ३६ ÷ नाभीय अंतर.

समजा, एक भिंत आपल्यापासून ८ फुटांवर आहे. ५० मिलिमीटरच्या भिंगाने तिचा सुमारे पावणेसहा फुटांचा भाग चित्रात येईल. २४ मिलिमीटरच्या भिंगाने १२ फूट येईल, तर १४ मिलिमीटरच्या भिंगाने साडेवीस फूट! नाभीय अंतर जितके कमी, तितका दृश्याचा कोन मोठा. ५० मिलिमीटरच्या भिंगाचा आडवा कोन सुमारे ४० अंश असतो, १४ मिलिमीटरचा सुमारे १०४ अंश. २४ मिलिमीटरहून कमी नाभीय अंतराच्या भिंगांना साधारणपणे अतिविशालकोनी भिंगे म्हणतात. फोनमधले ०.५ किंवा ०.६ चे भिंग याच जातीचे असते. त्याचे प्रत्यक्ष नाभीय अंतर फार लहान असते, पण त्याच्यामागचा पडदाही इवलासा असल्यामुळे त्याची तुलना बहुधा १३ ते १६ मिलिमीटरच्या भिंगाशी केली जाते.

हे झाले रुंदीचे. पण कोपी लांब का दिसली? येथे बहुतेकांची एक गैरसमजूत असते. ते म्हणतात, ‘हे भिंगच जवळच्या वस्तू मोठ्या आणि दूरच्या लहान करते.’ तसे नाही. समजा, दोन सारखेच हंडे आहेत. एक आपल्यापासून २ फुटांवर, दुसरा ८ फुटांवर. चित्रात पहिला दुसऱ्याच्या चौपट दिसेल. आता आपण १० फूट मागे सरकू. अंतरे १२ आणि १८ फूट होतील आणि पहिला हंडा दुसऱ्याच्या केवळ दीडपट दिसेल. या हिशेबात भिंगाचा उल्लेखसुद्धा आला नाही, हे लक्षात घ्या. वस्तूंच्या आकारांचे परस्परप्रमाण ठरते ते आपण कोठे उभे आहोत यावर. अतिविशालकोनी भिंग एवढेच करते, की पहिल्या हंड्यापासून २ फुटांवर बसूनही सगळी कोपी चौकटीत घेण्याची सोय आपल्याला करून देते. मोह भिंगाचा असतो, पण बसण्याची जागा आपण निवडलेली असते.

आणखी एक गोष्ट. १४ मिलिमीटरच्या भिंगाने काढलेले चित्र दहापट मोठे केले, तर ते ३६ सेंटिमीटर रुंद होईल. ते डोळ्यांपासून १४ सेंटिमीटरवर धरून पाहिले, तरच त्यातली खोली खऱ्यासारखी वाटेल. इतक्या जवळून चित्र कोण पाहतो? आपण ते ४० सेंटिमीटरवर धरतो. मग भूमितीच्या हिशेबाने दृश्याची खोली जवळजवळ तिप्पट ताणली जाते. आठ फुटांची कोपी सभामंडप झाली ती अशी. शहरांतल्या सदनिकांच्या जाहिरातींत दहा बाय दहाची खोली दिवाणखान्यासारखी दिसते, तीही याच युक्तीने.

आता माझे मत स्पष्टपणे सांगतो. ‘सगळे काही चित्रात मावावे’ म्हणून जो हे भिंग वापरतो, तो त्याचा सर्वांत वाईट उपयोग करतो. दूर उभे राहून घेतलेल्या अशा चित्रात कारखान्याचे धुराडे काडीएवढे होते, माणसे मुंग्यांएवढी होतात आणि उरते ते रिकामे आभाळ व रिकामी जमीन. हे भिंग जवळ जाण्यासाठी आहे. बैलगाडीच्या चाकापासून हातभर अंतरावर बसा. चाकावर साचलेला चिखल, त्यामागे उसाच्या मोळ्या, त्यामागे गाड्यांची रांग आणि अगदी शेवटी धुराडे, असा सारा प्रवास एका चित्रात येईल. चौकटीच्या पुढच्या भागात पाहण्याजोगे काही नसेल, तर हे भिंग बाजूला ठेवावे हे उत्तम. कॅमेरा मात्र जमिनीशी समांतर धरा. तो वर रोखलात की धुराडे मागे कलंडल्यासारखे दिसेल. माणसांना कडेला उभे करू नका. १४ मिलिमीटरच्या भिंगाने डाव्या-उजव्या टोकाचा चेहरा आडवा दीडपटीहून अधिक ताणला जातो. वर्गाच्या छायाचित्रात कडेची मुले अकारण जाड दिसतात आणि मग वर्षभर चिडवून घेतात!

भिंग विकत घ्यायचे असेल, तर घाई नको. आधी महिनाभर फोनमधल्या भिंगावर सराव करा आणि आपल्याला नेमके कशाचे चित्र हवे आहे ते ठरवा. शाळेच्या संग्रही जुना कॅमेरा असेल आणि त्यासाठी भिंग घ्यायचे असेल, तर दुकानात विटांच्या किंवा फरशीच्या भिंतीचे समोरून चित्र घेऊन पाहा. कडेच्या सरळ रेषा ढोलासारख्या फुगतात काय? कोपरे अस्पष्ट किंवा काळवंडलेले आहेत काय? थोडे काळवंडणे अटळ आहे. साध्या रचनेच्या भिंगात ४५ अंश तिरक्या येणाऱ्या प्रकाशाची तीव्रता मध्याच्या एकचतुर्थांश उरते. आणि सर्वांत महत्त्वाचे, ते किती जवळच्या वस्तूची स्पष्ट प्रतिमा देते? जे जवळ जाऊ देत नाही, ते अतिविशालकोनी भिंग स्वस्त मिळाले तरी महागच पडेल. फोनवर चिमट्याने बसवायची जी स्वस्त भिंगे मिळतात, त्यांच्यातून कडेचे दृश्य बहुधा धूसर येते. त्यांवर पैसे घालवण्याआधी ही परीक्षा अवश्य घ्या.

या भिंगांचा इतिहास केवळ कलावंतांचा नाही. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९०६ साली पाण्याने भरलेल्या पात्राच्या तळाशी छायाचित्रणाची काच ठेवून, माशाला पाण्यातून वरचे जग कसे दिसत असेल याची चित्रे घेतली. पुढे १९२४ साली इंग्लंडमध्ये रॉबिन हिल यांनी संपूर्ण आकाश एकाच चित्रात घेणाऱ्या भिंगाची माहिती प्रसिद्ध केली. त्यांना ढगांचा अभ्यास करायचा होता. प्रकाशसंश्लेषणातील ज्या ‘हिल प्रक्रिये’विषयी तुम्ही पुढे शिकाल, तिचे संशोधक हेच.

आपल्या दुष्काळी जिल्ह्यात ढगांकडे किती आशेने पाहिले जाते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मग जून ते सप्टेंबर रोज एका ठरावीक वेळी, शाळेच्या गच्चीवर एकाच जागी फोन उताणा ठेवून आकाशाचे चित्र का घेऊ नये? आकाशाचे आठ भाग कल्पून त्यांपैकी किती ढगांनी झाकले आहेत, याची नोंद हवामानशास्त्रात करतात. फोनच्या चित्रात क्षितिजापर्यंतचे आकाश येणार नाही, पण माथ्यावरचे पुष्कळसे येईल. शेजारी पर्जन्यमापकातला आकडा लिहा. चार महिन्यांत तुमच्या हाती तुमच्या गावाची स्वतःची नोंद असेल.

शिक्षकांना एक विनंती आहे. विज्ञान प्रदर्शनातील प्रकल्पांत आता छायाचित्रे भरपूर असतात. छायाचित्र हा पुरावा मानला जातो. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः पिकाचे छायाचित्र पाठवतात. अशा काळात विद्यार्थ्यांना चित्र काढायला शिकवणे जितके गरजेचे, तितकेच चित्राची उलटतपासणी करायला शिकवणेही गरजेचे आहे. हातभर अंतरावरून टिपलेला खड्डा विहिरीएवढा दिसू शकतो आणि दुरून टिपलेली विहीर खड्ड्याएवढी. म्हणून प्रत्येक चित्राखाली तीन गोष्टी लिहिण्याची सवय लावा : कोणते भिंग, किती अंतर आणि चित्रातल्या एखाद्या वस्तूचे खरे माप. प्रयोगवहीत एकक न लिहिता आकडा लिहिला तर आपण गुण कापतो. मापाविना छायाचित्र लावणाऱ्यालाही तोच नियम का नसावा?

कोणी म्हणेल, कलेला अशी मापे कशाला? नाट्यमय चित्र काढायला माझी हरकत नाही. पण ज्या चित्रावरून दुसऱ्याच्या घराची, शेताची किंवा हालांची कल्पना लोक करणार आहेत, त्याला सत्याचे बंधन हवेच. ऐसपैस दिसणारी कोपी पाहून दूरचा वाचक म्हणेल, ‘बरी जागा आहे की यांना!’ आणि पुढचे पान उलटेल.

त्या दिवशी मी दुसरे चित्र घेतले. भिंग तेच, कारण दाराबाहेरून साध्या भिंगाने कोपीचा एक पट्टाच दिसत होता. या वेळी मी चुलीपासून मागे सरलो. त्या बाई आपल्या दोन मुलांसह मधोमध येऊन बसल्या. मोठा मुलगा मागच्या चटईपाशी उभा राहिला. छताला डोके लागू नये म्हणून त्याला मान वाकवावी लागली. त्या वाकलेल्या मानेने कोपी एकदम आपल्या खऱ्या मापाची झाली. मग आम्ही शिवणाच्या फितीने मोजले आणि मी चित्राखाली लिहिले : ‘आतली लांबी ८ फूट, रुंदी ७ फूट, राहणारी माणसे ५.’ बाईंनी ते चित्र पाहिले आणि म्हणाल्या, “हां, आता आमची हाय.”