आजचे विणकाम खाते

मुंबईच्या गिरण्यांत जास्त मजुरीचे विणकाम खाते अस्पृश्य कामगारांना बंद होते. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्णांना विटाळ होई! यंत्र नवे आले, जात जुनीच राहिली. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांना ठणकावून विचारला.

आज ‘एआय नोकऱ्या खाणार’ अशी हाकाटी आहे. पण कुणाच्या? आपल्या पोरांना ‘कौशल्य विकास’ म्हणून डेटा एन्ट्री शिकवतात, म्हणजे यंत्र आधी गिळणार तेच काम. यंत्र घडवायला लागणारे गणित, इंग्रजी, संगणकशास्त्र मात्र महागड्या क्लासमध्ये. पुढची नोकरी खासगी कंपनीत, जिथे आरक्षण नाही. हेच आजचे विणकाम खाते!

बाबासाहेब यंत्राचे विरोधक नव्हते. यंत्र माणसाला कष्टातून सोडवून फुरसत देते, असेच ते मानत. दोष यंत्रात नाही, ते कुणाच्या ताब्यात आहे यात आहे.

म्हणून मागा: समाजकल्याणच्या प्रत्येक वसतिगृहात संगणक आणि गणिताचा शिक्षक, खासगी क्षेत्रात आरक्षण. आणि तोवर थांबू नका. जयंतीच्या डीजेच्या पैशांत लॅपटॉप येतात. विहारात संध्याकाळी कोडिंगचा वर्ग सुरू करा.

जय भीम!