तान्ह्या बाळाचे अदृश्य सोबती

आईच्या दुधात एक कोडे दडलेले आहे. त्यातील काही गुंतागुंतीच्या शर्करा तान्ह्या बाळाला पचतच नाहीत. मग निसर्गाने हा खर्च कोणासाठी मांडला? बाळासाठी नव्हे, तर त्याच्या आतड्यातील ‘बिफिडो’ जंतूंसाठी! अंगावर पिणाऱ्या बालकांत हे जंतू विपुल असतात, हे पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील आंरी तिसिए यांनी १९०० च्या सुमारासच दाखवून दिले होते. हे बिऱ्हाड फुकटे नाही. शत्रू कोण आणि निरुपद्रवी कोण, याचे पहिले धडे शरीराच्या प्रतिकारयंत्रणेला अशाच जंतूंकडून मिळतात, असे अलीकडचे संशोधन सांगते.

ओडिशातील १४९ खेड्यांत साडेचार हजारांहून अधिक नवजात अर्भकांवर झालेला आणि २०१७ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या दृष्टीने महत्त्वाचा आहे. डॉ. पिनाकी पाणिग्रही व त्यांच्या सहकाऱ्यांनी निम्म्या अर्भकांना उपकारक जंतू व त्यांचे खाद्य अवघे सात दिवस पाजले. पहिल्या साठ दिवसांत गंभीर जंतुसंसर्ग किंवा मृत्यू यांचे प्रमाण इतरांत ९ टक्के होते, ते या अर्भकांत ५.४ टक्क्यांवर आले. अर्थात् ही बालके पुरेशा वजनाची होती. अपुऱ्या दिवसांच्या बालकांना असे जंतू देण्याविरुद्ध अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये इशारा दिला आहे. तेव्हा औषधाच्या दुकानातून कोणतीही पुडी आणून बाळाला चाटविण्याचा उत्साह कोणी दाखवू नये.

हाताशी असलेला उपाय मात्र आपण दवडतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार जन्मानंतर तासाभरात आईचे दूध मिळणारी बालके जेमतेम ४२ टक्के. खासगी रुग्णालयांतील ४७ टक्के बाळंतपणे शस्त्रक्रियेने झालेली. शस्त्रक्रिया पुष्कळदा प्राण वाचविते, हे खरेच. पण त्यानंतर बाळाला आईच्या कुशीत लगेच देण्याची तसदी किती ठिकाणी घेतली जाते? पहिला चीक टाकून मध चाटविणाऱ्या आजीला नावे ठेवणे सोपे आहे. दूधभुकटीच्या जाहिरातींना १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. त्याच्या अंमलबजावणीचा जाब मात्र कोणी विचारीत नाही.

संघटित नोकरीतील स्त्रीला २०१७ पासून २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, म्हणजे निव्वळ अंगावर पाजण्याचा सहा महिन्यांचा काळ नेमका भरतो. उसाच्या फडात कोयता चालविणारीला ती नाही. केंद्राची मातृवंदना योजना पहिल्या बाळंतपणाला पाच हजार रुपये देते. एवढ्यात सहा महिन्यांची मजुरी भरून निघत नाही.