जुने शेअर रद्दीत घालू नका

वाडा पाडायला काढला की ट्रंका उघडतात आणि तळाशी पिवळी पडलेली शेअर सर्टिफिकेटं सापडतात. कुठल्याशा कापड गिरणीची, बँकेची, साखर कारखान्याची. ‘कंपनीच उरली नाही, कागद ठेवून काय करायचं?’ म्हणत घरचे ती रद्दीवाल्याला देतात. कळकळीनं सांगतो, तसं करू नका.

आधी त्या कागदात अजून जीव आहे का, ते पाहा. कंपनीनं नाव बदललेलं असतं, नाहीतर ती दुसऱ्या कंपनीत विलीन झालेली असते. सर्टिफिकेटवरचा फोलिओ नंबर घेऊन कंपनीकडे चौकशी करा. सलग सात वर्षं कुणी लाभांश घेतला नसेल, तर शेअर केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीकडे गेलेले असू शकतात. वारसांना ते तिथून परत मागता येतात.

कंपनी खरोखर बुडालेली निघाली, तरी तो कागद इतिहासाचा पुरावा आहे. उदाहरणार्थ, अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले आणि मुंबईत शेअरांचं वेड पसरलं. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या बॅकबे कंपनीच्या शेअरवर लोक तुटून पडले. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि भल्याभल्यांचं दिवाळं निघालं. पुढे १९०७ मध्ये टाटांच्या पोलाद कारखान्यासाठी हजारो भारतीयांनी तीन आठवड्यांत भांडवल उभं केलं. मला स्वतःला सगळ्यांत मोलाचे वाटतात ते सहकारी साखर कारखान्यांचे जुने भाग दाखले. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेचा कारखाना उभा केला तो शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर. शेतीच्या भरवशावर जगणाऱ्या माणसानं पैसे घालून कारखान्याची मालकी घेतली, याची खूण त्या दाखल्यावर आहे. असे दाखले गावोगावच्या घरांत पडून असतील, आणि त्यांची कुणाला किंमत नाही.

सर्टिफिकेट हातात आलं की मागची बाजूही वाचा. हस्तांतराच्या नोंदी तिथे असतात. शेअर कुणाकडून कुणाकडे गेला ते कळतं. पुढच्या बाजूला संचालकांच्या सह्या, कंपनीचा शिक्का, महसुली तिकीट आणि कधी कडेला बारीक अक्षरात छापखान्याचं नाव मिळतं. रद्द केल्याची भोकं असली तरी नाराज होऊ नका, तीही त्या कागदाची हकिकतच आहे.

लॅमिनेशन करू नका. चिकटपट्टी लावू नका. टाचण्या काढा, आम्लरहित कागदात सपाट ठेवा, उन्हापासून आणि दमटपणापासून जपा.

नव्यानं जमवायला लागणाऱ्यांनी नाणी-तिकिटांच्या प्रदर्शनांत चक्कर मारावी आणि एकच विषय धरावा: गिरण्या म्हणा, रेल्वे म्हणा, आपला जिल्हा म्हणा. जास्त दरानं विकू या आशेनं मात्र घेऊ नये. झारकालीन रशियाचे किंवा जुन्या चीनचे रोखे दाखवून ‘याचे कोट्यवधी मिळतील’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. आणि ७५ वर्षांहून जुना, ऐतिहासिक मोलाचा दस्तऐवज १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतो. तो परस्पर परदेशी विकता येत नाही.

घरात शेअर कुणी घेतला, पैसे कुठून आणले, हे सांगणारं माणूस अजून असेल तर या आठवड्यातच त्याच्याजवळ बसा. ते जे सांगेल ते वेगळ्या कागदावर तारखेसह लिहा आणि सर्टिफिकेटसोबत ठेवा.