दातांच्या डॉक्टरकीला मुलाखत नसते



पेरणीची धांदल आणि बारावीनंतरच्या प्रवेशाची धांदल एकाच हंगामात येते. परवा एक शेतकरी सोयाबीनच्या बियाण्याची चौकशी करायला आले आणि जाता जाता म्हणाले, "साहेब, पोराला दातांच्या डॉक्टरकीला घालायचंय. मुलाखतीची तारीख लावून देतो म्हणून एकजण वीस हजार मागतोय. द्यावेत का?"

त्यांना सांगितले तेच येथे लिहितो. आपल्याकडे बी.डी.एस.ला मुलाखतच नाही. कॉलेज सरकारी असो, खाजगी असो की अभिमत विद्यापीठाचे, प्रवेश 'नीट' परीक्षेच्या गुणांवर होतो. २०१६ साली दंतवैद्यक कायद्यात तशी दुरुस्ती झाली आणि खाजगी कॉलेजांच्या वेगवेगळ्या परीक्षा बंद पडल्या. संस्थेच्या कोट्यातली जागासुद्धा 'नीट' दिल्याशिवाय मिळत नाही. पावतीशिवाय देणगी मागणे हा तर महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्यापासून गुन्हाच आहे. तेव्हा ते वीस हजार खताला ठेवा.

मग ही मुलाखत आली कुठून? मुले मोबाईलवर वाचतात ते पुष्कळदा इंग्लंडातले असते. तिकडच्या दंत महाविद्यालयांत मुलाखत खरोखरच होते. उमेदवाराला एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवतात आणि दर ठिकाणी थोडी मिनिटे देतात. घाबरलेल्या रोग्याशी कसे बोलाल, सोबतच्याची चूक दिसली तर काय कराल, असे प्रश्न असतात. पद्धत चांगली आहे, पण ती तिथली.

आपल्याकडे परीक्षा होते ती कागदांची, आणि शेतकऱ्याचे पोर नापास होते ते तिथेच. गुण असतात, पण दाखला नसतो. राज्याच्या जागांचे अर्ज राज्य सीईटी कक्षाकडे भरायचे असतात. त्यासाठी नीटचे गुणपत्रक, दहावी-बारावीची गुणपत्रके, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि डॉक्टरचे तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र लागते. राखीव जागेसाठी जातीचा दाखला आणि जात पडताळणी. इतर मागास प्रवर्गातल्यांना नॉन-क्रीमीलेअरही लागते, आणि त्यावरची मुदत वाचून घ्यावी. गेल्या वर्षीचे संपलेले प्रमाणपत्र घेऊन गेलेल्यांना परत पाठवतात.

यात सर्वांत वेळखाऊ म्हणजे जात पडताळणी. आजोबा-पणजोबांच्या शाळेची नोंद, जुना महसुली उतारा, हे शोधण्यातच महिने जातात. निकाल लागल्यावर धावू नका. मूल अकरावी-बारावी विज्ञानला असतानाच कॉलेजमार्फत अर्ज करा. आणि नावे तपासा. एका कागदावर 'पाटील', दुसऱ्यावर 'पाटिल', आईचे नाव एकीकडे माहेरचे, एकीकडे सासरचे. आम्हा खेड्यातल्या लोकांच्या कागदांत हा घोळ नेहमीचाच. दुरुस्ती उन्हाळ्याआधी करून घ्या.

कॉलेजांचा पसंतीक्रम भरताना शेजाऱ्याच्या मुलाची यादी उतरवू नका. संगणक वरून खाली वाचत जातो आणि तुमच्या गुणांत बसेल ती पहिली जागा देतो. म्हणून खरोखर हवे ते वर घाला. खाजगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. त्यांच्या संकेतस्थळावरचा आकडा पाहूनच नाव लिहा. जागा लागली की ठरल्या तारखेला मूळ कागद आणि फी घेऊन हजर व्हावे लागते. त्या दिवशी सोसायटीचे कर्ज मिळेल या भरवशावर राहू नये.

सवलती मात्र सोडू नका. अल्पभूधारकांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या, ठरावीक प्रवर्गांतील मुलींची फी २०२४ च्या शासन निर्णयाने माफ झाली. ही माफी केंद्रीय प्रक्रियेतून गेलेल्यांनाच मिळते, संस्थेच्या कोट्यातून गेलेल्यांना नाही. दलालाच्या दाराने जाणाऱ्याचे हेही नुकसान.

एक मुलाखत मात्र घरी घ्या. एम.बी.बी.एस. हुकले म्हणून दात, असे असेल तर पोराला एक दिवस तालुक्याच्या रुग्णालयात दंत विभागात बसवा. दिवसभर वाकून, बोटभर जागेत बारीक काम करणे आवडते का ते बघू द्या. चार वर्षे शिक्षण आणि वर्षभर आंतरवासिता, म्हणजे पाच वर्षे घर थांबणार आहे. पुढे स्वतःचा दवाखाना घालायचा तर खुर्ची आणि यंत्रांचा खर्च वेगळा. गरज म्हणाल तर गावात भरपूर आहे. मिश्री लावणाऱ्या आमच्या मायबहिणी आणि तंबाखू मळणारे आपण सगळे, दाढ ठणकून गाल सुजेपर्यंत तालुक्याला जात नाही.

नीटचा अर्ज बारावीच्या परीक्षेआधीच निघतो, म्हणजे रब्बीची कामे चालू असतानाच. अर्ज भरताना मुलाचाच मोबाईल नंबर द्या, नेटकॅफेवाल्याचा नको. सगळे निरोप त्यावरच येतात.