नळ चावतो तेव्हा…

मुलांनो, मागच्या महिन्यात आमच्या शाळेत चांगलीच घाबरगुंडी उडाली. चौथीतली एक मुलगी पाणी प्यायला गेली आणि धावतच परत आली. "बाई, नळ चावतो!" वर्गातली मुलं खो खो हसली. मी मात्र हसले नाही. आधी मेन स्विच बंद केला आणि वायरमनकाकांना बोलावणं धाडलं.

पंपाच्या मोटारीत बिघाड होऊन तिच्या अंगावर वीज उतरली होती. अशी वीज मुकाट्याने जमिनीत जावी म्हणून तर अर्थिंग असतं. घरी तीन पिनांचा प्लग आहे ना? (नुसता बघायचा हं!) त्यातली जाड, थोडी लांब पिन अर्थिंगची. प्लग लावताना ती सगळ्यांत आधी टेकते आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटते.

मग आमचं अर्थिंग गेलं कुठे? काकांनी शाळेमागचा खड्डा उकरला. कोळसा निघाला, मीठ निघालं आणि जस्त चढवलेली लोखंडी तार निघाली. बोटाने दाबली तर तिचा भुगाच झाला! वीज जमिनीत सहज पसरावी म्हणून मीठ घालतात, पण तेच मीठ हळूहळू तारही खातं.

काकांनी नवी लालसर सळई आणली. "तांब्याची?" मी विचारलं.

"वरून तांबं, आत पोलाद. नुसतं तांबं मऊ, बाई. घणाने ठोकलं की वाकतं. शिवाय महाग, रातोरात चोरीला जायचं!"

चांगल्या सळईवर तांब्याचा थर असतो जेमतेम पाव मिलिमीटर. तांबं लोखंडासारखं गंजत नाही, म्हणून ते बाहेर. ताकद पोलादाची, म्हणून ते आत.

"पण बाई, ओरखडा पडला तर?" हे विचारलं त्याच मुलीने. शाब्बास! खरी मेख तिथेच आहे. ओलाव्यात दोन धातू एकमेकांना चिकटून असले की त्यातला एक दुसऱ्यासाठी झिजतो. जस्त आणि लोखंड असेल तर आधी जस्त झिजतं आणि लोखंड वाचतं. तांबं आणि लोखंड असेल तर मात्र लोखंडाचाच बळी! म्हणून थर खरवडला गेला की आतलं पोलाद तिथे झपाट्याने गंजतं. अमेरिकेतल्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचं तेच झालं. १८८६ साली उभारलेल्या या पुतळ्याचं अंग तांब्याचं आणि आतला सांगाडा लोखंडी. दोन्हींच्या मध्ये घातलेलं अस्तर झिजलं आणि लोखंडी पट्ट्या गंजल्या. १९८६ पर्यंत त्या बदलून स्टेनलेस स्टीलच्या बसवाव्या लागल्या.

आता एक प्रयोग. विजेचा नाही बरं का! दोन नवे लोखंडी खिळे घ्या. एकाला तांब्याची उघडी तार घट्ट गुंडाळा, दुसरा तसाच ठेवा. दोन वाट्यांत मिठाचं पाणी घालून त्यात एकेक खिळा बुडवा आणि चार दिवस रोज बघा. कोणता खिळा जास्त गंजला, ते मला पोस्टकार्डावर कळवा.